अंग धुऊन झाल्यावरची अंघोळ

मराठीत अंघोळ बहुधा ‘उरकली’ जाते किंवा ‘आटोपली’ जाते. कामावर निघण्याआधी, पूजेला बसण्याआधी, नळाचे पाणी जाण्याआधी ती व्हायला हवी असते आणि तिच्या पाठीशी पुढचे काम ताटकळत उभे असते. जपानी भाषेत स्नानासाठी रोजच्या बोलण्यात येणारे क्रियापद मात्र ‘आत शिरणे’ हे आहे. ‘ओफुरो नी हाइरू’ म्हणजे शब्दशः ‘स्नानात शिरणे’. अंगाचा मळ काढण्याचे काम त्याआधी, कुंडाच्या बाहेर बसून, साबण लावून पुरते झालेले असते. त्यामुळे ऊन पाण्यात गळ्यापर्यंत बसलेल्या माणसाला करण्यासारखे काहीही शिल्लक राहिलेले नसते.

जपानमधल्या अशा सार्वजनिक स्नानगृहांतून बाहेर पडलेली माणसे जो निवांतपणा वर्णन करतात, त्याचे श्रेय बहुतेक वेळा पाण्याच्या गूढ गुणांना किंवा जपानी स्वभावाला दिले जाते. मला ते पटत नाही. पाण्याचे तापमान, कोणत्या कृतीनंतर कोणती कृती करायची याचा क्रम, प्रत्येक टप्प्याला दिलेली मिनिटे आणि या सगळ्याभोवती उभे असलेले कायदे यांतून तो निवांतपणा अक्षरशः बांधून काढलेला असतो, आणि बांधकाम म्हटले की ते समजावून सांगता येते.

सुरुवात शब्दांपासून करावी लागेल, कारण ‘ओन्सेन’ आणि ‘सेंतो’ हे दोन शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. ओन्सेन हे पाण्याचे नाव आहे, तर सेंतो हे जागेचे. जपानमध्ये १९४८ साली झालेल्या ओन्सेन कायद्यानुसार जमिनीतून निघणारे पाणी किंवा वाफ उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्ण असेल, अथवा कायद्याने नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा घटक तिच्यात ठरावीक प्रमाणात असेल, तर ती ओन्सेन ठरते. यातला ‘अथवा’ महत्त्वाचा आहे, कारण त्याच्यामुळे चक्क थंड पाणीही कायद्याच्या दृष्टीने ओन्सेन असू शकते आणि ते नंतर तापवून वापरले जाते. सेंतो म्हणजे गल्लीतले सार्वजनिक स्नानगृह. त्याचे पाणी साधे असले तरी चालते आणि त्याच्या शुल्काची कमाल मर्यादा प्रत्येक प्रांताचे शासन ठरवते. टोकियोत ऑगस्ट २०२४ पासून ही मर्यादा प्रौढांसाठी ५५० येन झाली. घरोघरी न्हाणीघर नसण्याच्या काळात सेंतो ही गरज होती. १९६८ च्या सुमारास देशभरात अशी सुमारे १८ हजार स्नानगृहे होती, आज ती दोन हजारांहूनही कमी उरली आहेत.

या दोहोंच्या मधली तिसरी जागा म्हणजे ‘सुपर सेंतो’. शुल्काच्या मर्यादेत न येणारी, वेगवेगळ्या तापमानांची अनेक कुंडे, उघड्यावरचे कुंड, सॉना (गरम हवेत बसून घाम काढण्याची खोली), जेवणाची सोय आणि लोळायला चटया अंथरलेले दालन एका छपराखाली देणारी ही स्नानगृहे शहरांच्या कडेने उभी असतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी खोल विंधणविहीर घेऊन खरे ओन्सेनचे पाणीही मिळवलेले असते. शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब येऊन रात्री उशिरापर्यंत थांबणारी गर्दी बहुतेक वेळा इथलीच असते.

खोल विहीर घेतली की गरम पाणी लागते, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण त्यामागे साधा हिशेब आहे. जमिनीत दर १०० मीटर खोलीला तापमान साधारण तीन अंशांनी वाढते. पृष्ठभागाशी १५ अंश धरले, तर एक किलोमीटर खाली ते ४५ च्या आसपास जाते, आणि तिथे पाणी असेल तर ते स्नानाला योग्य असेच निघते. म्हणून ज्वालामुखी जवळ नसतानाही टोकियोच्या पोटात ओन्सेन सापडते. तिथल्या ओता या भागातल्या साध्यासुध्या सेंतोंत तर कोऱ्या कॉफीसारखे काळपट पाणी येते. प्राचीन काळी गाडल्या गेलेल्या वनस्पती कुजून झालेले सेंद्रिय द्रव्य त्यात मिसळलेले असते. जपानची प्रसिद्ध स्थळे मात्र बहुतांशी ज्वालामुखींच्या आसऱ्याने आहेत. देशात १११ सक्रिय ज्वालामुखी मोजले जातात. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खाली उतरते, शिलारसाच्या उष्णतेने तापते, वाटेत खनिजे आणि वायू विरघळवून घेते आणि पुन्हा वर येते. कोबे शहराजवळचे आरिमा या दोन्ही प्रकारांत बसत नाही. जवळपास सक्रिय ज्वालामुखी नसूनही तिथे कढत, समुद्राहून खारट, लोहामुळे तांबूस झालेले पाणी निघते. जपानखाली सरकत जाणाऱ्या फिलिपीन समुद्राच्या भूपट्टातून दाबामुळे पिळून निघालेले पाणी त्यात असावे, असे भूवैज्ञानिकांचे स्पष्टीकरण आहे.

कोकणातली उन्हाळी आठवण्याची हीच जागा आहे. राजापूरचे उन्हाळे, तुरळ, आरवली, महाडजवळचे सव किंवा तानसा नदीकाठची वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे यांच्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. पाणी भेगांतून खोलवर जाते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि वर येते. ‘उन्हाळे’ हा शब्द ऋतूखेरीज गरम पाण्याच्या झऱ्यालाही वापरणारी आपली भाषा या पाण्याशी अगदीच अनोळखी नाही.

जपानी वैद्यकीय वर्गीकरणात आरोग्यदायी झऱ्यांचे दहा प्रकार मानले जातात. आयोडीनयुक्त पाण्याचा दहावा प्रकार २०१४ साली त्यात भरला गेला. सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही, कारण अंगाला फरक जाणवतो तो तीन-चार प्रकारांचाच. बायकार्बोनेट असलेले अल्कधर्मी पाणी त्वचेवर बुळबुळीत लागते आणि त्याला ‘सुंदरींचे पाणी’ म्हणून मिरवले जाते. खारट पाण्यातून बाहेर आल्यावर त्वचेवर मिठाचा पातळ थर राहतो, घाम लवकर उडत नाही आणि ऊब बराच वेळ टिकते. गंधकाच्या पाण्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो आणि अंगावर राहिलेले चांदीचे दागिने काळे पडतात. आम्लधर्मी पाण्याची तर गोष्टच वेगळी आहे. गुन्मा प्रांतातल्या कुसात्सू येथील पाण्याचा सामू (हा आकडा जितका कमी, तितके पाणी अधिक आम्ल) सुमारे २, म्हणजे लिंबाच्या रसाइतका असतो, आणि अकिता प्रांतातल्या तामागावा येथे तो १.२ पर्यंत उतरतो. तिथे एकाच मुखातून मिनिटाला सुमारे नऊ हजार लिटर, ९८ अंशांचे पाणी उसळत असते.

कुसात्सूचे पाणीही थेट अंगावर घेता येणार नाही इतके कढत येते. त्यात थंड पाणी ओतले तर ते पातळ होईल, म्हणून सहा-सहा फुटी फळ्यांनी ते घुसळून निववण्याची ‘युमोमी’ नावाची पद्धत तिथे रूढ झाली. आज ती पर्यटकांसाठी गाण्यांच्या ठेक्यावर करून दाखवतात, पण तिच्यामागचा आग्रह अजून जिवंत आहे: झऱ्याचे पाणी जसे आले तसेच मिळाले पाहिजे. या आग्रहाला ‘गेन्सेन काकेनागाशी’ असे नाव आहे. त्याचा अर्थ असा, की उगमाचे पाणी सतत कुंडात येते, काठावरून वाहून जाते आणि पुन्हा वापरले जात नाही. पण असे अखंड वाहणारे पाणी सगळ्यांकडे नसते. अनेक ठिकाणी तेच पाणी गाळून, तापवून, क्लोरीन टाकून फिरवले जाते. २००४ साली नागानो प्रांतातल्या दुधाळ पाण्यासाठी नावाजलेल्या एका ओन्सेन गावात काही ठिकाणी रंगासाठी स्नानपूड मिसळली जात असल्याचे उघड झाले आणि देशभर संताप उसळला. पुढच्या वर्षीपासून पाणी मिसळणे, तापवणे, फिरवणे, निर्जंतुक करणे किंवा त्यात काही घालणे यांपैकी जे केले जात असेल ते कारणासह फलकावर लिहिणे सक्तीचे झाले. कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेला, आकड्यांनी भरलेला कागद हा पाण्याच्या पृथक्करणाचा दाखला असतो आणि तो दर दहा वर्षांनी नव्याने करून घ्यावा लागतो. जपानी न वाचता येणाऱ्या पाहुण्यानेही फोनवरच्या भाषांतराच्या साहाय्याने तो एकदा तरी वाचावा, असे मी सुचवीन.

क्लोरीनचा वास आला की नाक मुरडणारे रसिक जपानमध्ये पुष्कळ आहेत. त्यांचे दुःख खरे असले, तरी २००२ सालची घटना विसरता येत नाही. मियाझाकी प्रांतात नव्यानेच सुरू झालेल्या एका स्नानगृहात फिरवल्या जाणाऱ्या पाण्यात लेजिओनेला हा जिवाणू वाढला, सुमारे तीनशे लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. हा जिवाणू कोमट पाण्यात आणि नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात पोसला जातो आणि तुषारांवाटे फुप्फुसात जातो. तेव्हा फिरवलेल्या पाण्यात क्लोरीनचा वास असणे ही मालकाच्या सचोटीची खूण समजावी.

आता आत जाऊ. पादत्राणे दाराशी कप्प्यात ठेवायची. पुढे ‘नोरेन’ नावाचे कापडी पडदे असतात, पुरुषांचा बहुधा निळा आणि स्त्रियांचा लाल. पण रंगावर विसंबण्यापेक्षा पुरुषांसाठीचे 男 आणि स्त्रियांसाठीचे 女 ही अक्षरे ओळखून ठेवणे बरे, कारण काही ठिकाणी दोन्ही बाजूंची अदलाबदल दररोज होते. कपडे सगळे काढायचे असतात, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. भारतीय पाहुण्याची खरी परीक्षा इथेच होते, आणि ती पहिल्या पाच मिनिटांत संपतेही, कारण कोणीच कोणाकडे पाहत नसते. मग नळांच्या रांगेपुढे ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसून अंग आणि केस घासून धुवायचे. उभ्याने धुतल्यास शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात, म्हणून बसायचे. हातात घ्यायची बादली पिवळी असेल आणि तिच्यावर ‘केरोरिन’ असे लिहिलेले असेल, तर ती एका वेदनाशामक औषधाची जाहिरात आहे. १९६३ सालापासून ती स्नानगृहांत फिरते आहे आणि औषधापेक्षा बादलीच अधिक प्रसिद्ध झाली आहे. शेवटी कुंडातले पाणी अंगावर हळूहळू ओतून घ्यायचे, त्याला ‘काकेयु’ म्हणतात. शरीराला येणाऱ्या उष्णतेची ती पूर्वसूचना असते. लांब केस वर बांधायचे आणि छोटा पंचा पाण्यात बुडू न देता घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा.

दुसऱ्याने बसलेल्या पाण्यात बसणे आपल्या मनाला पटत नाही. वाहते पाणी शुद्ध, साचलेले ते अशुद्ध असा आपला संस्कार असतो, आणि बादली-तांब्याच्या अंघोळीत पाणी अंगावरून एकदाच वाहून जाते. जपानी पद्धतीने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. मळ कुंडाबाहेर राहिला, तर कुंड सामायिक असायला हरकत नाही. घरीसुद्धा याच नियमामुळे एकाच टबातले पाणी सगळे कुटुंब एकामागून एक वापरते. सार्वजनिक जागी हा नियम कडक असतो तो एवढ्यासाठीच, की त्याच्याशिवाय बाकी सगळी व्यवस्था कोलमडेल.

गोंदणाचा नियम मात्र मला तितका समर्थनीय वाटत नाही. संघटित गुन्हेगारांच्या अंगभर गोंदणामुळे तो आला, आणि २०१५ मध्ये जपानी पर्यटन संस्थेने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या निम्म्याहून अधिक स्नानगृहांनी गोंदण असलेल्यांना प्रवेश नाकारत असल्याचे सांगितले होते. त्याआधी २०१३ मध्ये होक्काइदो येथे चेहऱ्यावर पारंपरिक गोंदण असलेल्या, न्यूझीलंडच्या माओरी या मूळनिवासी समाजातल्या एका स्त्रीला परत पाठवल्यावरून बरीच टीका झाली होती. हल्ली लहान गोंदण पट्टी लावून झाकले तर चालते असे अनेक ठिकाणी म्हणतात. हातावर तुळस किंवा नाव गोंदवलेल्या आपल्याकडच्या आजीबाईंना घेऊन जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. मुलांबाबतही एक बदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मुलाने आईबरोबर किंवा मुलीने वडिलांबरोबर जाण्याची वयोमर्यादा पूर्वी साधारण दहा वर्षे होती. २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने ती सात वर्षांपर्यंत खाली आणण्याची सूचना केली.

कुंडात उतरल्यावर शरीरावर तीन गोष्टी एकाच वेळी काम करू लागतात. पहिली उत्प्लावकता: गळ्यापर्यंतच्या पाण्यात शरीराचे वजन जवळपास दहाव्या हिश्शाइतकेच जाणवते, त्यामुळे दिवसभर सांध्यांना आणि पाठीला सावरून धरणारे स्नायू मोकळे होतात. दुसरी पाण्याचा दाब, जो पायांतले रक्त छातीकडे ढकलतो. तिसरी उष्णता, जिच्यामुळे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. यात एकेका अंशाला किंमत आहे. ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात विश्रांतीचे चेतासंस्थेचे अंग, म्हणजे परानुकंपी संस्था, वरचढ राहते. ४२ च्या पुढे गेले की अनुकंपी संस्था जागी होते, नाडी वाढते आणि माणूस तरतरीत होतो. टोकियोच्या जुन्या सेंतोंत पाणी बऱ्याचदा ४३-४४ अंशांचे असते, आणि ‘इतके काय कढत!’ असे म्हणणे तिथल्या म्हाताऱ्यांच्या लेखी कमीपणाचे ठरते. निवांत व्हायला आलेल्याने मात्र कुंडांवरचे तापमानाचे आकडे पाहून सर्वांत कोमट कुंड शोधावे. सुपर सेंतोंत कर्बवायू मिसळलेले, ३७-३८ अंशांचे एक कुंड असते. त्यात अंगावर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे जमतात आणि तो वायू त्वचेवाटे शिरून रक्तवाहिन्या रुंद करतो, त्यामुळे कोमट पाण्यातही अंग लाल होते.

सॉना हा फिनलंडचा शब्द आणि फिनलंडची प्रथा. तिथल्या सॉना संस्कृतीची युनेस्कोच्या यादीत २०२० मध्ये नोंद झाली. पण गरम हवेत बसून घाम काढणे जपानला परके नव्हते. ‘फुरो’ हा आज टबासाठी वापरला जाणारा शब्द मुळात वाफेच्या स्नानाचा होता आणि पाण्यात बसण्याला ‘यु’ म्हणत. बौद्ध मठांत स्नानगृह असे आणि गोरगरिबांना स्नान घालणे हे पुण्यकर्म मानले जाई. पाली विनय ग्रंथांत भिक्षूंसाठी अग्नी पेटवून तापवलेल्या खोलीचे नियम आहेत, आणि त्या खोलीचे नाव ‘जंताघर’ असे आहे. ‘घर’ हा मराठी कानाला लगेच ओळखू येणारा शब्द त्यात तसाच्या तसा बसलेला पाहून मला फार गंमत वाटली. आधुनिक सॉना मात्र १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास लोकांना माहीत झाला आणि पुढची काही दशके तो शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदार पुरुषांचा अड्डा राहिला. जगातले पहिले कॅप्सूल हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरते कप्पे भाड्याने देणारे हॉटेल, १९७९ मध्ये ओसाकात सॉना चालवणाऱ्यांनीच उघडले, यात म्हणूनच नवल नाही.

सॉनाची खोली ८० ते १०० अंशांची असते, हे ऐकून दचकणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे, की हवा उष्णता फार सावकाश वाहून आणते. ४५ अंशांच्या पाण्यात बसवत नाही, पण ९० अंशांच्या कोरड्या हवेत दहा मिनिटे बसता येते, कारण हवा पाण्यासारखी अंगाला उष्णता देत नाही आणि घाम उडून त्वचा सारखी निवत राहते. तापलेल्या दगडांवर पाणी ओतले की खोलीचे तापमान फारसे वाढत नाही, तरीही अंगाला चटका बसतो, कारण वाफ त्वचेवर येऊन पाणी होताना आपली सगळी उष्णता तिथे सोडून देते. काही ठिकाणी ही वाफ पंचा फिरवून लोकांच्या अंगावर लोटणारे कसबी लोक असतात. त्यांना ‘नेप्पाशी’, म्हणजे उष्ण लाटांचे उस्ताद, असे म्हणतात आणि त्यांच्या वेळा आधी जाहीर होतात. भिंतीवर बहुतेक वेळा एक विचित्र घड्याळ दिसते, ज्याचा काटा १२ मिनिटांत एक फेरा पुरा करतो. डोक्याला घामाने काही सुचत नसताना आपण किती वेळ बसलो आहोत एवढेच त्यावरून कळते, आणि तेवढेच कळायला हवे असते. वरच्या पायरीवर हवा अधिक तापलेली असते, म्हणून नवख्याने खाली बसावे.

सहा ते बारा मिनिटांनी बाहेर पडायचे, घाम पाण्याने धुऊन काढायचा आणि ‘मिझुबुरो’त, म्हणजे १५ ते १८ अंशांच्या गार पाण्याच्या कुंडात, उतरायचे. घाम न धुता त्यात उडी मारणे हा तिथला सर्वांत मोठा असभ्यपणा आहे. पहिला अर्धा मिनिट श्वास अडखळतो. पुढे हालचाल न करता बसल्यास अंगालगतचे पाणी शरीराच्या उष्णतेने किंचित कोमट होते आणि त्याचा एक पातळ थर अंगाभोवती तयार होतो. सॉनाचे शौकीन त्याला ‘हागोरोमो’, म्हणजे अप्सरेचे उत्तरीय, म्हणतात. शेजाऱ्याने पाण्यात हात हलवला की ते उत्तरीय फाटते आणि गारठा पुन्हा झोंबतो. एक-दोन मिनिटांनी बाहेर यायचे, अंग पुसायचे आणि उघड्यावर ठेवलेल्या खुर्चीत पाच-दहा मिनिटे पडून राहायचे. कढत, गार, विसावा असा एक फेरा होतो. असे साधारण तीन फेरे करतात.

या खुर्चीत जे घडते त्याला ‘तोतोनोऊ’ म्हणतात. ‘नीटनेटके होणे’, ‘जागच्या जागी लागणे’, ‘सुरात येणे’ असे त्या क्रियापदाचे साधे अर्थ आहेत. मराठीत ‘घडी बसणे’ हा वाक्प्रचार त्याच्या बराच जवळ जातो. सॉनाच्या संदर्भात ‘तोतोनोऊ’ हा शब्द मांगा (जपानी चित्रकथा) आणि दूरचित्रवाणीच्या मालिकेमुळे घरोघरी पोहोचला आणि २०२१ मध्ये वर्षाच्या गाजलेल्या शब्दांच्या नामांकनात आला. याचे स्पष्टीकरण सहसा असे दिले जाते: उष्णतेने नाडी जलद होते, गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि ॲड्रेनलिन उसळते, शरीर एकूण संकटाच्या पवित्र्यात जाते. मग खुर्चीत दोन्ही संकटे एकदम नाहीशी होतात, परानुकंपी संस्था जोराने परतते, पण रक्तातले ॲड्रेनलिन ओसरायला काही मिनिटे लागतात. त्या मधल्या वेळात माणूस शांत असतो आणि लख्ख जागाही असतो. हातापायांवर जाळीसारखे लाल ठिपके उमटतात, त्यांना ‘अमामी’ म्हणतात. हे सर्व समजून घेतल्यावर लक्षात येते, की सॉनाच्या खोलीत अधिकाधिक वेळ काढून दाखवणाऱ्यांचे श्रम वाया जातात, कारण फळ तिसऱ्या टप्प्यात मिळते. तरीही नवखे पाहुणे नेमका तोच टप्पा वगळून पुन्हा कुंडाकडे धावतात.

आरोग्याच्या दाव्यांबाबत हात राखूनच बोलावे लागेल. फिनलंडमधल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासात, २०१५ साली, आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. जपानमधल्या ३० हजारांहून अधिक लोकांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास रोज टबस्नान करणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २८ टक्क्यांनी कमी दिसला. दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. ज्याची प्रकृती धड आहे आणि ज्याला वेळ आहे तोच रोज निवांत स्नान करू शकतो, ही शक्यता त्यांतून पूर्णपणे वगळता येत नाही. झोपेबाबतची गोष्ट अधिक सरळ आहे. ऊन पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, बाहेर आल्यावर शरीर भराभर उष्णता टाकते, आतले तापमान उतरते आणि या उताराबरोबर झोप येते. २०१९ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात झोपेच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने केलेल्या स्नानाने झोप लवकर लागते असे दिसले.

आणि याच पाण्यात माणसे मरतातही. हिवाळ्यात गारठलेल्या खोलीत कपडे काढले की रक्तदाब चढतो, कढत पाण्यात उतरले की तो कोसळतो, भोवळ येते आणि एकटा वृद्ध माणूस बुडतो. जपानमध्ये स्नानाच्या टबात बुडून मरणाऱ्या ज्येष्ठांची वार्षिक संख्या रस्ता-अपघातांत मरणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा अधिक आहे, आणि यातले बहुतेक मृत्यू घरच्या न्हाणीघरात होतात. शासनाचा सल्ला असा, की पाणी ४१ अंशांपर्यंतच असावे, दहा मिनिटांच्या आत बाहेर यावे, कपडे बदलण्याची खोली आधी उबदार करावी आणि उठताना सावकाश उठावे. मद्य घेतल्यावर आणि भरल्या पोटी पाण्यात उतरू नये. रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी गार कुंड आणि सॉना हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

स्नान संपले तरी स्नानगृह संपत नाही. ओन्सेनच्या पाण्यातून बाहेर आल्यावर सहसा अंगावर साधे पाणी घेत नाहीत, म्हणजे खनिजे त्वचेवर राहतात. आम्लाच्या किंवा गंधकाच्या पाण्यानंतर मात्र नाजूक त्वचेच्या माणसाने अंग धुऊन टाकावे. कपडे बदलण्याच्या खोलीत शिरण्यापूर्वी पिळलेल्या पंच्याने अंग निपटून घ्यायचे असते, कारण ओल्या पायांचे ठसे तिथे कोणालाच आवडत नाहीत. बाहेर शीतकपाटात बाटल्यांतले दूध असते, साधे आणि कॉफीचे, आणि ते उभ्याउभ्या, एक हात कमरेवर ठेवून प्यावे अशी जुनी रीत आहे. पुढच्या दालनात चटयांवर आजोबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले असतात, मुले आईस्क्रीम खात असतात आणि एखादी बाई केसांना पंचा गुंडाळून भिंतीला टेकून बसलेली असते. तिथे अर्धा-पाऊण तास पडून राहणे हे शुल्कात धरलेले आहे.